खोली आणि निरोप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



माझी धाकटी मुलगी इंग्रजी वाङ्मय घेऊन एम.ए. करू लागली, तेव्हापासून अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकांनी पाय पसरले आहेत. मी स्वतः बी.ए. मराठीचा, तोही रात्रीच्या कॉलेजातला. इंग्रजी पुस्तक हाती घेतलं की शेजारी कोश लागतो. म्हणून मुलगी जेवताना जे सांगते ते मी आधी ऐकून घेतो, आणि ती झोपली की तिचं पुस्तक कोशासकट उघडतो.

एका रात्री तिनं एक कविता सांगितली. कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात एक तरुण काम करतो आहे. अचानक सरहद्दीवरच्या पोलिसांची धाड येते. मालक त्याला खुणावतो, पळ, मागच्या दारानं पळ. तरुण म्हणतो, अहो, मी अमेरिकन आहे. मालक म्हणतो, आता खोटं बोलायला वेळ नाही. त्याच्या हातात एक डॉलर कोंबतो आणि बाहेर काढतो. मालकाच्या वेळेतच पळायचं आहे, म्हणून तो तरुणही मेक्सिकन कामगारांबरोबर पळू लागतो. कवी गॅरी सोटो. जन्म १९५२ सालचा, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावचा. म्हणजे पक्का अमेरिकन, फक्त घराण्याचं मूळ मेक्सिकोचं.

मुलगी सांगताना हसत होती, आणि कविता आहेही गमतीची. मला मात्र हसू आलं नाही, कारण असा मीही एकदा पळालेला आहे. ती हकीकत पुढे येईलच.

अमेरिकेत ज्यांची मुळं मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा, डोमिनिकन रिपब्लिक अशा मुलखांत आहेत, त्यांना लॅटिनो म्हणतात. सगळेच काही परदेशातून आलेले नाहीत. १८४८ साली युद्धानंतर झालेल्या तहानं मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेत गेला. माणसं आपल्याच अंगणात बसलेली होती आणि देश बदलला. निपाणी-बेळगावच्या श्रोत्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. प्वेर्तो रिकोच्या लोकांना तर १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे. तरी न्यूयॉर्कमध्ये त्यांना बाहेरचे म्हणूनच वागवलं गेलं. आपल्याकडे स्थलांतर म्हटलं की पासपोर्ट आणि विमान डोळ्यांपुढे येतं. पण खेड तालुक्यातून एस.टी.नं मुंबईला येणारा चाकरमानीही स्थलांतरितच. त्याच्याकडे पासपोर्ट नसतो, पत्र्याची ट्रंक असते, एवढाच फरक.

मुलीच्या पुस्तकांतल्या कथा आणि कविता वाचताना मला सारखं आपलं मराठी आठवत राहिलं. आणि एक गोष्ट खटकली. एकाच स्थलांतराबद्दल कथा एक सांगते आणि कविता दुसरंच. असं का होतं, याचा उलगडा मला अमेरिकन पुस्तकांत झाला नाही. तो झाला घाटकोपरला.

घाटकोपरला म्हणजे अण्णा भाऊ साठ्यांकडे. मेट्रोनं अंधेरीहून घाटकोपर आता हाकेच्या अंतरावर आलं आहे. तिथल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊंनी आयुष्याची कितीतरी वर्षं काढली. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा हा मुलगा वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आला होता. या माणसानं वारणेकाठचं गाव सोडून मुंबईला आलेल्या गड्यावर एक कथा लिहिली आणि एक गाणंही. मला वाटतं, स्थलांतराच्या वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यानं आधी ही दोन शेजारी ठेवून वाचावीत.

कथा ‘स्मशानातील सोनं’. भीमा नावाचा धिप्पाड गडी वारणेच्या खोऱ्यातून पोट भरायला येतो. मुंबईत काम मिळत नाही, उपनगरातल्या दगडाच्या खाणीत मिळतं. मग खाणही बंद पडते. एके दिवशी त्याला चितेच्या राखेत सोनं सापडतं, आणि त्या दिवसापासून तो स्मशानातली राख चाळू लागतो, पुढे मढी उकरू लागतो. एका रात्री प्रेताभोवती कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. मेलेल्याच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं जबड्यात अडकतात. बोटं जातात. आणि लगेच खबर येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. डोंगर फोडणारा तो माणूस लहान मुलासारखा रडतो.

अंधेरीकरांना ही खाण परकी वाटू नये. गिल्बर्ट हिलचा तो काळा सुळका एकटा उभा दिसतो ना, त्याच्या आसपासचा दगड माणसांनीच फोडून नेला. तो फोडणारे कुठून आले होते, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी त्या रस्त्यानं जातो तेव्हा मला भीमा आठवतो.

गाणं आपणा सर्वांना ठाऊक आहे, ‘माझी मैना गावावर राहिली’. त्यातही गडी गावाहून मुंबईला आलेला आहे, कष्ट तेच आहेत, मुंबई तशीच निर्दय आहे. पण गाण्यात बोटं तुटत नाहीत. गाणारा मैनेचं रूप सांगतो, निघतानाची घालमेल सांगतो, तिला कबूल केलेले दागिने सांगतो, आणि सांगता सांगता त्याचा विरह सीमाभागाचा, तुटलेल्या महाराष्ट्राचा होतो. हे गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं दणाणून सोडणाऱ्या गळ्यांपैकी एक गळा अमर शेखांचा. बार्शीचे महबूब हुसेन पटेल ते हेच. अण्णा भाऊ जुलै १९६९ मध्ये गेले आणि अमर शेख त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. दोघेही गावाहूनच मुंबईला आलेले.

आता पाहा. लेखक एक, माणूसही एकच. कथेत तो शहराला तोंड देतो: काम कुठे, खोली कुठे, आज चूल पेटेल का. गाण्यात त्याचं तोंड गावाकडे असतं. कथा खोली शोधते, कविता निरोप पाठवते. सगळ्याच कथा-कवितांना हे लागू पडेल असा माझा दावा नाही. पण अण्णा भाऊंच्या या जोडीमुळे मला पुढचं वाचायला एक वाट मिळाली.

फ्रान्सिस्को हिमेनेस हे मेक्सिकोत जन्मलेले, पुढे कॅलिफोर्नियात प्राध्यापक झालेले लेखक. त्यांच्या ‘द सर्किट’ या कथेतलं कुटुंब पिकामागोमाग हिंडतं. द्राक्षं संपली की कापूस. आपले ऊसतोडणीवाले डोळ्यांपुढे आणा. एका ठिकाणी त्यांना राहायला मोटारीचं जुनं गॅरेज मिळतं. मुलगा शाळेत जातो, इंग्रजी वाचायला अडखळतो, मास्तर माया लावतात. एक दिवस मास्तर म्हणतात, मी तुला ट्रम्पेट वाजवायला शिकवतो. मुलगा धावत घरी येतो, ही बातमी सांगायची असते. दार उघडतो तर सगळं सामान खोक्यांत बांधून ठेवलेलं.

भीमाची खाण आणि या मुलाचं ट्रम्पेट! चांगली बातमी आणि ती आता कामाची नाही ही खबर, दोन्ही एकाच उंबऱ्यावर येतात. वारणाकाठच्या माणसानं आणि मेक्सिकोच्या माणसानं एकमेकांचं काही वाचलेलं असण्याचा संभव नाही. पण ज्याची खोली स्वतःची नाही, त्याच्या गोष्टीचा शेवट दोघांनाही असाच सुचला.

खोलीचाच विषय निघाला आहे, तर बाबूराव बागुलांना टाळून पुढे जाता येणार नाही. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ चा. त्यातल्या त्याच नावाच्या कथेतला तरुण सुरतेजवळ उधन्याला रेल्वेत नोकरीला लागतो. मराठी माणूस परप्रांतात जातो, अशी ती कथा आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. परक्या गावी राहायला जागा हवी, आणि जागा विचारते, जात कोणती? तो जात लपवतो. पुढे ती उघड होते आणि त्याला मार बसतो. त्याला वाचवतो काशिनाथ, जो स्वतः जात न लपवता छाती काढून वावरतो.

आता माझी हकीकत. मी १९८८ साली गावाहून मुंबईला आलो. पहिला मुक्काम डोंगरीत, गावच्या मंडळींनी भाड्यानं धरून ठेवलेल्या खोलीत. चौदा माणसं, झोपायच्या पाळ्या. १९९६ साली लग्न झालं आणि अंधेरीत जागा पाहू लागलो. माझं आडनाव देशमुख. आमच्या कोकणात देशमुख, देसाई, खोत, मुकादम ही आडनावं हिंदूंचीही आणि मुसलमानांचीही. नाक्यावरच्या पीसीओवरून मी दलालाला फोन केला, “देशमुख बोलतोय.” माझं मराठी ऐकून तो खूष. म्हणाला, “मालकांना आपलाच माणूस हवाय.” मी काही बोललो नाही. रविवारी जागा पाहून आलो, मालकिणीनं कांदेपोहे दिले. साहित्याची आवड असलेलं घर, तास दीड तास गप्पा झाल्या. तिथंही पुढचं नाव कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चार दिवस मी आपला माणूस होतो. खरं सांगायचं तर ते चार दिवस फार सुखाचे गेले. खिडकीत कुंडी कुठं ठेवायची, तेही मी आणि बायकोनं ठरवलं.

पाचव्या दिवशी करारासाठी रेशनकार्ड दाखवावं लागलं. संध्याकाळी निरोप आला, मालकांचा भाचा शिकायला मुंबईला येतोय, जागा त्याला लागेल. कुणी वाईट बोललं नाही. अपमान झाला असं म्हणायलाही जागा ठेवली नाही. बायको म्हणाली, “ह्यापुढं आख्खं नाव आधीच सांगत जा, चपला तरी कमी झिजतील.”

ती जागा गेल्याचं दुःख दोन महिन्यांत विसरलो, कारण दुसरी मिळाली. चार दिवस गप्प बसलो ते मात्र विसरलो नाही. मी काही बागुलांच्या नायकाइतकं सोसलेलं नाही, त्या माराशी माझी बरोबरी नाही. पण सोटोच्या कवितेतला तरुण खरं बोलूनही पळतो आणि मी खरं न बोलता जागच्या जागी पळत होतो, असं मला आज वाटतं.

या प्रसंगाची मी कथा लिहायला घेतली होती. दोनदा घेतली. पोहे, खिडकी, रेशनकार्ड, सगळं नीट आलं, तरी ती तक्रारअर्ज वाटू लागली. शेवटी कविता झाली, आणि ती मी मालकाला उद्देशून लिहिलीच नाही. ती बागुलांच्या काशिनाथला लिहिली. कवितेला ऐकणारा लागतो, आणि तो आपला आपण निवडता येतो.

आता निरोपाकडे येतो. अण्णा भाऊंची मैना गाण्यात काही बोलत नाही. बोलतो तो गडी. मैनेचं बोलणं ऐकायचं तर जात्यापाशी जावं लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत मुंबईला गेलेल्या घरधन्याच्याही ओव्या आहेत. त्या बाईला लिहिता येत नव्हतं, पण सांगायचं अडलं नाही.

माझ्या आईचं अडलं. ती कोकणी मुसलमानांची बोली बोलायची, आणि तिला अक्षर ओळख नव्हती. पत्र लिहून द्यायचे शाळेचे मास्तर. आई सांगायची तिच्या बोलीत आणि मास्तर लिहायचे ‘सप्रेम आशीर्वाद विनंती विशेष’. सगळी पत्रं शुद्ध, सुवाच्य आणि एकसारखी. तिचा गळा त्यात कुठंच नाही. मी मनिऑर्डर करायचो आणि खालच्या जागेत दोन ओळी लिहायचो, त्याही तितक्याच शुद्ध. सात-आठ वर्षं आम्ही मायलेक मास्तरांच्या भाषेत एकमेकांची खुशाली विचारत होतो.

म्हणून नारायण सुर्व्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे. ‘तुमचंच नाव लिवा’ या कवितेत बाई मास्तरांशी बोलते ती तिच्याच तोंडानं, मास्तरांच्या व्याकरणानं नव्हे. त्यांच्या ‘शीगवाला’मधला दाऊद हिंदीत मराठी आणि मराठीत हिंदी मिसळून बोलतो आणि कवी त्याला दुरुस्त करायला जात नाही. सुर्वे तर अनाथ म्हणून वाढलेले. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी त्यांना घरात घेतलं. पुढे गंगारामबाबा कोकणात परतले आणि लहानगा नारायण मुंबईतच राहिला. इथं उलटंच झालं, गाव सोडून मुलगा नाही गेला, मुलाला मागे ठेवून आईबाप गावाला गेले. ‘माझे विद्यापीठ’ आला १९६६ साली. तो मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचला आणि कवितेत आईची बोली लिहायला मला परवानगी मिळाल्यासारखं वाटलं.

हेच लॅटिनो कवींनी इंग्रजीत केलं. इंग्रजी ओळीत मध्येच स्पॅनिश शब्द येतो, आणि तो तिरप्या ठशात न छापण्याचा आग्रह हूनो दियाझसारखे कथाकारही धरतात. तिरपा ठसा म्हणजे ‘हा पाहुणा आहे’ अशी सूचना, ती त्यांना नको असते. पॅट मोरा यांची ‘एलेना’ ही कविता मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. आईला स्पॅनिशच येतं. मुलं शाळेत जाऊन इंग्रजी बोलू लागली आहेत, आपसांत हसतात, आई बावळटासारखी पाहत राहते. चाळिशीची ही बाई इंग्रजी शिकायला पुस्तक आणते. नवऱ्याला आवडत नाही. वाणी, पोस्टमन हसतात, स्वतःची मुलंही हसतात. मग ती न्हाणीघरात कडी लावून घेते आणि हलक्या आवाजात ते जड शब्द म्हणून पाहते.

माझी आई अखेरच्या वर्षांत अंधेरीला आमच्याकडे राहायला आली. नातींशी ती तिच्या बोलीत बोलायची, नाती शाळेतल्या मराठीत आणि इंग्रजीत उत्तरं द्यायच्या. आईनं मोरीची कडी लावून काही पाठ केलं नाही. ती हळूहळू कमी बोलू लागली. एम.ए.वाली मुलगी आज त्या बोलीतले शब्द मला विचारून वहीत टिपून घेते. मलाही सगळे आठवत नाहीत.

पेद्रो पिएत्री या प्वेर्तो रिकन कवीची ‘प्वेर्तो रिकन ऑबिच्युअरी’ ही दीर्घ कविता तुम्हाला कुठं मिळाली तर जरूर वाचा. त्यात पाच माणसं आहेत. कधी कामावर उशिरा गेली नाहीत, कधी उलट बोलली नाहीत, कर्जात मेली. गिरणगावच्या कुणालाही ती ओळखीची वाटतील. १९८२ च्या संपानंतर आपल्याकडची वाट उलटी फिरली, माणसं गावाकडे परतली. जयंत पवारांनी त्या विझलेल्या गिरण्यांच्या कथा लिहिल्या, पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

एक गोष्ट बोलल्याशिवाय मात्र राहवत नाही. मुंबईतलं किती मराठी वाङ्मय स्थलांतरितांनी लिहिलं! आणि आज साकीनाक्याला, मरोळला शिवणयंत्रावर वाकलेला, उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा आमच्या कथेत आला तर क्षणभर येतो, चहा देतो नाहीतर टॅक्सी चालवतो, आणि जातो. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसं पायी निघाली तेव्हा आम्ही कवींनी भराभर कविता लिहिल्या, मीही लिहिली. ती माझी चांगली कविता नव्हे. त्या माणसाची खोली मी पाहिलेली नव्हती. त्याचा निरोप कुणाला आणि कोणत्या भाषेत जातो, हेही मला माहीत नव्हतं.

आमच्या इमारतीच्या वॉचमनचं कुटुंब जिन्याखालच्या खोलीत राहतं. गाव आझमगढकडचं. त्यांची मुलगी महापालिकेच्या हिंदी शाळेत सहावीत आहे, मराठी हा तिचा एक विषय. गेल्या महिन्यात ती वही घेऊन वर आली. मराठीत निबंध लिहायचा होता, ‘माझे गाव’. गावी ती आजवर दोनदाच गेलेली. पण निबंध झकास होता. आजी होती, म्हैस होती, लाईट जाणं होतं. एका शब्दापाशी अडली होती.

“काका, ओसारा को मराठी में क्या बोलते?”

मी म्हटलं, “ओसरी.”

“बस? इतनाच?” म्हणाली, आणि रबर घेऊन शेवटची दोन अक्षरं तेवढी खोडायला लागली.